अकरा दिवस ऊन खाल्लं, पुढे काय?

‘ताई, माझं वय ३८. चार वर्षांपासून काम घरूनच असतं, दिवसभर संगणकासमोर. पडदा ओढून बसतो, नाहीतर स्क्रीनवर तिरीप येते. सात महिन्यांपूर्वी आई गेली. तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही. दिवस कुठे जातो कळत नाही. झोप रात्री अडीच-तीनला लागते आणि सकाळी नऊ वाजले तरी उठवत नाही. वजन सहा किलो उतरलंय. मोठा भाऊ म्हणतो, खंबीर हो, किती दिवस असा बसणार? एका मित्राने सांगितलं, रोज ऊन घे, व्हिटॅमिन डी वाढलं की मन आपोआप ताळ्यावर येतं. अकरा दिवस गच्चीवर जाऊन उभा राहिलो. साडेअकराला, वीस मिनिटं, फोन बघत. मधे दोन दिवस आभाळ होतं म्हणून गेलो नाही. काहीही फरक नाही. गच्चीवर आईच्या कुंड्या आहेत, सगळ्या वाळल्यात, मी तिकडे बघत नाही. बायको म्हणते, चल फिरून येऊ, पण मला नको वाटतं. पूर्वी मी असा नव्हतो. मन खंबीर करायचं म्हणजे नक्की काय करायचं? की माझ्यातच काही कमी आहे?’

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दोनदा नीट उत्तर देता यावं म्हणून, आणि तिसऱ्यांदा फक्त त्या कुंड्यांच्या वाक्यासाठी. त्याकडे मी येणार आहे, पण आधी तुमच्या मित्राचा हिशेब मिटवून टाकू.

मित्राचा सल्ला बरोबर आहे, त्यामागचं कारण चुकलंय. आणि कारण चुकलं की वेळ चुकते, मात्रा चुकते, अपेक्षाही चुकते. तुमचं तेच झालं. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग कातडीवर पडला की शरीरात व्हिटॅमिन डी तयार होतं, हे खरं. हाडांना आणि स्नायूंना ते लागतं, हेही खरं. पण ‘डी वाढलं की उदासी गेली’ हे गणित तपासून झालेलं आहे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १८,३५३ लोकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज २००० युनिट डी३ दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, तीही पाच वर्षांहून अधिक काळ. २०२० साली निकाल आला. नैराश्य येण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. तेव्हा तुमच्या रक्तात डी कमी निघालं तर डॉक्टर देतील त्या गोळ्या जरूर घ्या, पण हाडांसाठी घ्या. मनाचं ओझं त्या गोळीवर टाकू नका.

मनापर्यंत ऊन पोचतं ते मुख्यतः डोळ्यांच्या वाटेने. ही वाट समजून घ्या, म्हणजे काय करायचं ते निम्मं आपोआप कळेल.

उजेड लक्समध्ये मोजतात. घरात दिवे लावून बसलं तर डोळ्यांपर्यंत साधारण शंभर ते तीनशे लक्स पोचतो. पडदा ओढलेल्या खोलीत त्याहूनही कमी. चांगलं उजळ ऑफिस असेल तर पाचशेच्या घरात. बाहेर मात्र मळभ आलेल्या दिवशीसुद्धा हा आकडा काही हजारांत असतो. स्वच्छ दिवशी झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत उभं राहिलात तरी तो दहा हजारांवर जाऊ शकतो, आणि थेट उन्हात लाखाच्या आसपास. हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा फार पटकन जुळवून घेतो. खोलीतून बाहेर आल्यावर दोन क्षण डोळे मिचकावतो, मग सगळं सारखंच वाटतं. प्रत्यक्षात आपण चहाच्या कपातून विहिरीत आलेलो असतो. म्हणून सांगते, ते आभाळाचे दोन दिवस तुम्ही उगाच सोडलेत. त्या दिवशीही बाहेर तुमच्या खोलीच्या कितीतरी पट उजेड होता.

हा उजेड डोळ्यांत शिरून करतो काय? आपल्या दृष्टिपटलात बघण्याचं काम करणाऱ्या पेशी असतात, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यांच्याखेरीज थोड्या पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही, उजेड किती आहे ते मोजून मेंदूला कळवणं आहे. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्या स्वतःच उजेड टिपतात, हे २००२ साली स्पष्ट झालं. पण त्याचा सुगावा आधीच लागला होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संपूर्ण अंध असलेल्या काही जणांच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला, तर रक्तातलं मेलॅटोनिन, म्हणजे रात्रीचं संप्रेरक, खाली आलं. डोळे झाकले की हा परिणाम थांबायचा. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांचे डोळेसुद्धा दिवस-रात्र ओळखत होते. मला ही गोष्ट अजूनही अंगावर काटा आणते.

ही खबर जाते मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा ठिकाणी. साधारण वीस हजार पेशींचा पुंजका, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर. शरीराचं मुख्य घड्याळ ते. झोप, भूक, अंगातली उष्णता, सकाळची तरतरी या सगळ्याचा ताल तिथून धरला जातो. गंमत म्हणजे बहुतेकांचं हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नसतं, काही मिनिटांनी लांबच असतं. त्यामुळे ते रोज जुळवावं लागतं, आणि जुळवण्याचं काम सकाळचा उजेड करतो. तो मिळाला नाही की घड्याळ रोज थोडं मागे पडतं. आज साडेअकरा, महिन्याभराने एक, मग अडीच. यात तुमचा स्वभाव कुठे आला?

१९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा एक तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता एका गुहेत जाऊन राहिला. दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, त्याला सांगण्यात आलं की प्रयोग संपला. त्याच्या हिशेबाने त्या दिवशी २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस त्याच्या मोजणीतून गळून गेले होते. ‘दिवस कुठे जातो कळत नाही’ हे तुमचं वाक्य वाचताना मला तो आठवला. पडदा ओढलेली खोली ही काही गुहा नाही, पण शेजारची म्हणायला हरकत नाही.

आता करायचं काय? उठल्यावर तासाभरात बाहेर पडायचं. साडेअकराची वेळ मित्राच्या व्हिटॅमिन डीसाठी ठीक होती, घड्याळासाठी उशिराची. मात्र उत्साहाच्या भरात उद्या पाचला उठू नका. सध्या तुम्ही तीनला झोपताय, म्हणजे पहाटे पाचला तुमच्या शरीराची मध्यरात्र असते. त्या वेळचा प्रखर उजेड घड्याळ पुढे आणायच्या ऐवजी आणखी मागे ढकलू शकतो. नऊला जाग येत असेल तर सव्वानऊला बाहेर, चार-पाच दिवसांनी पावणेनऊला उठून नऊला, असं हळूहळू अलीकडे या. ऊन असेल तर वीस मिनिटं, आभाळ असेल तर अर्धा-पाऊण तास. टोपी घाला, सावलीतून चाला, अंगाला उन्हापासून वाचवणारं मलम लावा, चालेल. डोळ्यांत आभाळाचा उजेड जायला हवा, कातडी भाजून घ्यायची नाही. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगते, कारण तसं शिकवणारे महाभाग आहेत. त्याने दृष्टिपटल कायमचं जळू शकतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक झालं, ही साधी खूण लक्षात ठेवा.

फोन खिशात. ही अट मी सहसा कुणाला घालत नाही, कारण फोनला नावं ठेवणं ही आमच्या वयाची आवडती करमणूक झाली आहे. तुमच्याबाबतीत घालते. मान खाली घालून हातभर अंतरावरच्या स्क्रीनकडे बघत गच्चीवर उभं राहणं म्हणजे खोलीच गच्चीवर नेणं.

आणि संध्याकाळी उलटं करायचं. झोपण्याआधीचे दोन तास दिवे मंद ठेवा. रात्रीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे सकाळची कमाई रात्री उडवल्यासारखं होतं. टेबलही खिडकीशी काटकोनात फिरवून बघा, तिरीप जाईल आणि पडदा उघडा राहील. खिडकीचा उजेड बाहेरच्या उजेडाची बरोबरी करत नाही आणि दोन पावलं आत सरकलं की झपाट्याने घटतो, पण बंद पडद्यापेक्षा काहीही बरं.

फरक कधी दिसेल? झोपेत दोन-तीन आठवड्यांत. मनात त्याहून उशिरा. हिवाळ्यातल्या उदासीवर प्रखर उजेडाचा उपचार नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडला, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडातल्या चाचणीत ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही तो उपयोगी दिसला. त्या रुग्णांना सकाळी उठल्यावर लवकर, रोज अर्धा तास, दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवलं होतं. आणि किती दिवस? आठ आठवडे. तुम्ही अकराव्या दिवशी निकाल लावून मोकळे झालात, तेही दोन खाडे धरून! तसा दिवा लगेच विकत घ्यायला धावू नका. बाहेर तेवढा उजेड फुकट आहे. ज्यांना कधी उन्मादाचा, म्हणजे अति उत्साहाचा आणि झोपच न लागण्याचा झटका येऊन गेलाय, त्यांनी तर असा उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. काही औषधांनी, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लीनने, कातडी उन्हाला हळवी होते, तेही विचारून घ्या.

हे झालं उजेडाचं. पण नुसता उजेड पुरला असता तर मी तुम्हाला खुर्ची टाकून बसायला सांगितलं असतं. मी चालायला सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझा पाय मोडला आणि सहा आठवडे मी एका खोलीत होते. पाय दुखायचा तो दुखायचाच, पण खरा त्रास वेगळाच निघाला. तेच ते विचार घाण्याच्या बैलासारखे फिरायचे. कुणाला काय बोलले, काय बोलायला नको होतं, वीस वर्षांपूर्वीचं सुद्धा. काठी घेऊन पहिल्यांदा रस्त्याच्या टोकापर्यंत गेले तेव्हा खड्डे, कुत्री, सायकली सांभाळण्यात लक्ष इतकं गुंतलं की बैल थोडा वेळ तरी थांबला. हा माझ्या एकटीचा अनुभव, त्याला पुरावा म्हणू नका. पण स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशाच गोष्टीचं मोजमाप केलं होतं. काही जण झाडा-गवतातून दीड तास चालले, काही जण वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून चाललेल्यांचं मनात तेच ते घोळवणं कमी झालं आणि मेंदूतल्या त्याच्याशी निगडित भागाची हालचालही मंदावली. प्रयोग लहान होता, अवघ्या ३८ जणांचा. तुम्हाला करून बघायला काही पडत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणारे लोक जास्त निरोगी असल्याचं सांगतात, असाही इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष आहे. तो दोन तासांचा आकडा आता जिकडेतिकडे फिरतो. मला त्याबद्दल थोडी शंका आहे. ज्यांना मुळात बरं वाटत असतं तेच जास्त बाहेर पडतात, हेही असू शकतं ना? तुम्ही दोन तास मोजत बसू नका. मोजायला लागलात की आणखी एका गोष्टीत नापास व्हायची सोय होईल.

आता कुंड्या.

सगळ्या घरात, सगळ्या परिसरात, मन बरं करायला तुम्ही जागा निवडलीत ती कुठली? जिथे आईच्या हातची झाडं वाळून उभी आहेत ती. आणि तिथे वीस मिनिटं तुम्ही तिकडे न बघण्यात घालवलीत. मग फरक कसा पडावा? तो फोन कशासाठी हातात होता, हे मला त्या वाक्यावरून कळलं. तुम्ही ऊन खायला गेला नव्हता, रोज वीस मिनिटं नजर चुकवण्याची कसरत करत होता. तेव्हा निदान तीन आठवडे गच्ची बंद. रस्त्यावर जा, मैदानात जा, नदी-तळं असेल तर त्याच्या काठाने जा. आईची आठवण तिथेही येईल, येऊ द्या. चालता चालता डोळ्यांत पाणी आलं तर कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी बिघडत नाही.

नंतर एखाद्या दिवशी गच्चीवर जाल तेव्हा हातात फोनऐवजी तांब्या न्या. वाळलेलं दिसणारं प्रत्येक झाड मेलेलं नसतं. खोडाची साल नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवट, ओलसर असेल तर ते जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर खाली मुळाजवळ आणखी एकदा बघा. जी गेली ती उपटून टाका, माती मोकळी करा. एखादंच वाचलं तर एक. एकही वाचलं नाही तर नवीन लावायचं की नाही हे तेव्हा ठरवा. आईची झाडं मी मारली, असं काहीतरी तुमच्या मनात असणार असा माझा अंदाज आहे. चुकीचा असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर निदान बायकोला एकदा मोठ्याने सांगा.

तुमच्या भावाने वापरलेला शब्द ‘खंबीर’. वाईट शब्द नाही, पण तो ऐकला की डोळ्यांसमोर न हलणारं काहीतरी येतं. आपल्याकडे याहून कामाचा एक शब्द आहे, सावरणं. माणूस तोल सावरतो, घर सावरतो, बोलता बोलता स्वतःला सावरतो. आधी तोल गेल्याशिवाय सावरता येतच नाही, हे त्या शब्दातच आहे. आई गेल्यावर सात महिन्यांनी तोल गेलेला असणं ही तुमच्यातली कमी नव्हे.

सावरण्याची ताकद जन्मजात असते की येते, यावर एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्य घातलं. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यातली काही मुलं गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांची आजारपणं अशा अनेक अडचणी एकदम घेऊन आली होती. त्यांतलीही सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्तबगार झाली. त्यांच्यापाशी काय होतं? स्वभावाचा वाटा होता, पण वारंवार आढळलं ते हे, की भरवशाचं निदान एक माणूस त्यांच्या जवळ होतं. तुमच्याजवळ असं माणूस आहे, ते ‘चल, फिरून येऊ’ म्हणतंय, आणि तुम्हाला नको वाटतंय.

‘नको वाटतं’ हीच या सगळ्यातली खरी गाठ. आपण समजतो की आधी मनाला उभारी येईल, मग पाय उचलतील. मन खाली गेलेलं असताना हा क्रम उलटा चालतो. आधी पाय, मन मागून येतं, कधी कधी बरंच मागून. नैराश्यावरच्या उपचारांत या विचारावर उभी राहिलेली एक पद्धतच आहे. करण्यासारख्या छोट्या गोष्टी वेळ ठरवून करायच्या, मन असो वा नसो, आणि नंतर कसं वाटलं ते लिहून ठेवायचं. तुम्हीही लिहा, पण दोनच आकडे. जाण्यापूर्वी मन दहापैकी किती, आल्यावर किती. तीनचे चार झाले तरी तो एक गुण तुमच्या लक्षात राहणार नाही, कागद मात्र लक्षात ठेवील.

बायकोला आठवड्यातले दोन दिवस द्या. रोज नको, रोज म्हटलं की तिचंही ओझं वाटेल. तिला हेही सांगून ठेवा की वाटेत बोलणं झालंच पाहिजे असं नाही. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना कधी कधी निघतं, कारण एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. भावाला मी काही निरोप देत नाही. त्याचीही आई गेली आहे, आणि ‘खंबीर हो’ हे तो कदाचित स्वतःलाच सांगत असेल.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा, सकाळचं चालणं जमो वा न जमो. डॉक्टरांकडे जा. सहा किलो वजन उतरणं, रात्री झोप नसणं, कशातच लक्ष नसणं हे इतके महिने चालू असेल तर त्याला नुसतं दुःख म्हणून सोडता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस अशी अवस्था असेल तर नैराश्य आहे का ते तपासायचं असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी१२ हेही बघून घेतील, कारण वजन आणि थकव्यामागे तीही कारणं असतात. औषधं किंवा समुपदेशन सुचवलं तर घ्या. चालणं त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. आणि जगणं नको, मरण बरं असे विचार कधी डोकावले, एकदा का होईना, तर आठवड्याचीही वाट बघू नका. त्याच दिवशी बायकोला सांगा आणि तिला सोबत घेऊन डॉक्टर गाठा.

आठ आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. कागदावरचे आकडे पाठवले नाहीत तरी चालेल, त्या कुंड्यांचं काय झालं ते कळवा. हे पत्र तुम्ही पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवलं होतं, ईमेलवर वेळ दिसते. पुढच्या वेळी मी मजकुराआधी ती वेळ बघणार आहे.